आठ कलांचे अंतर : योहानेस केप्लर



शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातील सूर्यमालेची आकृती तुम्हांला आठवत असेल. मध्यभागी सूर्य आणि त्याच्याभोवती अंड्यासारख्या लांबट, चपट्या रेषांवरून फिरणारे ग्रह. ही आकृती तिरकस बाजूने पाहिल्यासारखी काढलेली असते, त्यामुळे वाटोळी वाटही तिच्यात लांबोळकी दिसते. ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मग पुष्कळांच्या मनात अशी समजूत घर करून राहते की, पृथ्वी फार लांबट वाटेने फिरते, सूर्याजवळ गेली की उन्हाळा होतो आणि दूर गेली की हिवाळा. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्याकडे ऐन थंडीत. तेव्हा हे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते, आणि जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. ऋतू घडतात ते पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे.

ग्रहांच्या कक्षा वर्तुळाकार नाहीत, हे मात्र खरे आहे. पण वर्तुळापासून त्या इतक्या थोड्या ढळलेल्या आहेत की, योग्य प्रमाणात कागदावर काढल्या तर बहुतेकींच्या बाबतीत डोळ्यांना फरक कळणारही नाही. मग डोळ्यांना न दिसणारा हा फरक कोणाला कळला, आणि तो कळण्यासाठी त्याला काय सोसावे लागले? या घटकात तुम्ही ज्याचे चरित्र वाचणार आहात त्या योहानेस केप्लरची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. थोर माणसाचे चरित्र वाचताना आपण बहुधा त्याच्या यशाकडे पाहतो. केप्लरचे चरित्र वाचताना त्याच्या चुकांकडे अधिक लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. त्याने त्या लपवल्या नाहीत. ग्रंथात क्रमवार लिहून ठेवल्या.

घर आणि शिक्षण

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीच्या वुर्टेम्बर्ग प्रांतातील वाइल डेअर श्टाट या छोट्या गावी झाला. वडील हाइन्रिख हे भाडोत्री सैनिक होते. पैसे देईल त्याच्या बाजूने लढायचे, हा त्यांचा पेशा. ते अधूनमधून घरी येत आणि पुन्हा नाहीसे होत. केप्लर किशोरवयात असतानाच एकदा ते गेले ते कायमचेच. आई काथारिना ही एका खानावळ चालवणाऱ्याची मुलगी. तिला झाडपाल्याच्या औषधांची माहिती होती, आणि स्वभाव फटकळ होता. या दोन्ही गोष्टी पुढे तिच्या जिवावर बेतल्या; त्याकडे आपण नंतर येऊ.

लहानपणी देवीच्या आजाराने केप्लरची नजर कमजोर केली आणि हातांतही दोष राहिला. १५७७ मध्ये युरोपभर एक मोठा धूमकेतू दिसला, तेव्हा आई त्याला तो दाखवायला उंच जागी घेऊन गेली होती. पाच-सहा वर्षांच्या त्या मुलाला ही रात्र जन्मभर आठवत राहिली. नऊ वर्षांचा असताना त्याने चंद्रग्रहण पाहिले. अशा घरातील मुलाला उच्च शिक्षण मिळणे एरवी कठीणच होते. परंतु प्रॉटेस्टंट पंथाच्या त्या राज्याला धर्मोपदेशक हवे होते आणि हुशार गरीब मुलांसाठी शिष्यवृत्त्या होत्या. त्या जोरावर तो माउलब्रॉनच्या धर्मशाळेतून १५८९ मध्ये ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात पोहोचला. तेथे मायकेल मेस्टलिन या अध्यापकाने त्याला कोपर्निकसच्या मताची ओळख करून दिली. सूर्य मध्यभागी आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे मत तोवर फार थोड्यांनी स्वीकारले होते.

केप्लरला धर्मोपदेशक व्हायचे होते. शिक्षण संपत आले असताना, १५९४ मध्ये, ऑस्ट्रियातील ग्राझ येथील प्रॉटेस्टंट शाळेत गणिताच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली आणि विद्यापीठाने त्याचे नाव सुचवले. मन मारून तो गेला. शिक्षक म्हणून त्याचा जम बसला नाही. पहिल्या वर्षी वर्गात मोजकेच विद्यार्थी होते, दुसऱ्या वर्षी एकही आला नाही. दरवर्षी भविष्यासह पंचांग तयार करणे हेही त्याच्या नोकरीचे काम होते. पहिल्याच पंचांगात त्याने कडाक्याची थंडी आणि तुर्कांची स्वारी यांचे भाकीत केले आणि दोन्ही खरे ठरले. गणितज्ञ म्हणून जे नाव मिळायला पुढे कित्येक वर्षे लागली, ते ज्योतिषी म्हणून काही महिन्यांत मिळाले!

सुंदर चूक

१९ जुलै १५९५ रोजी फळ्यावर एक आकृती काढत असताना केप्लरला एक कल्पना सुचली. त्या काळी पृथ्वीसह सहा ग्रह माहीत होते. सहाच का, आणि त्यांच्यातील अंतरे अशीच का, हा प्रश्न त्याला छळत होता. भूमितीत सर्व बाजूंनी सारख्या असलेल्या घनाकृती फक्त पाच आहेत, हे ग्रीकांच्या काळापासून ठाऊक होते. सहा ग्रहांच्या गोलांमध्ये पाच रिकाम्या जागा, आणि पाचच घनाकृती! ईश्वराने विश्व रचताना या पाच आकृती एकात एक बसवल्या असल्या पाहिजेत, असे त्याला वाटले, आणि आनंदाने त्याचे डोळे भरून आले. १५९६ मध्ये त्याने यावर पहिला ग्रंथ लिहिला.

ही कल्पना संपूर्णपणे चुकीची होती. आज आपण आठ ग्रह मोजतो आणि त्यांच्या अंतरांचा घनाकृतींशी काही संबंध नाही. परंतु तिने दोन गोष्टी केल्या. ग्रह असे का फिरतात, हे विचारण्याची सवय लावली. तोवरचे ज्योतिर्विद ते कोठे दिसतील एवढेच विचारत. आणि ती पडताळून पाहण्यासाठी अचूक वेधांची गरज निर्माण केली. असे वेध त्या काळी जगात एकाच माणसाजवळ होते.

दरम्यान केप्लरचे लग्न झाले. पत्नी बार्बारा त्यापूर्वी दोनदा विधवा झालेली होती. त्यांची पहिली दोन्ही अपत्ये तान्हेपणीच गेली. १५९८ मध्ये तेथील कॅथलिक राज्यकर्त्याने प्रॉटेस्टंट शिक्षकांना ग्राझ सोडण्याचा हुकूम दिला. केप्लरला काही काळ सवलत मिळाली, पण १६०० च्या ऑगस्टमध्ये धर्मांतर की गाव सोडणे, असा प्रश्न उभा राहिला. त्याने गाव सोडले.

टायको आणि मंगळ

डेन्मार्कच्या टायको ब्राहे या सरदाराने ह्वेन नावाच्या बेटावर वेधशाळा उभारून सुमारे वीस वर्षे आकाशाचे वेध घेतले होते. दुर्बीण अजून कोणी पाहिलेली नव्हती. नुसते डोळे आणि धातू-लाकडाची प्रचंड मोजणीची साधने. तरीही त्याचे वेध एकदोन कलांपर्यंत अचूक असत. कला म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, हे तुम्हांला पंचांगावरून माहीत असेल. नव्या राजाशी न पटल्याने टायकोने डेन्मार्क सोडले आणि तो प्रागच्या रुडॉल्फ सम्राटाच्या आश्रयाला आला. १६०० च्या फेब्रुवारीत केप्लर प्रागजवळच्या गढीवर त्याला भेटला.

या दोघांचे जमणे कठीण होते. एक थाटात राहणारा सरदार, दुसरा मानी, गरीब, पटकन दुखावला जाणारा शिक्षक. टायको आपली टिपणे एकदम दाखवत नसे. जेवताना बोलता बोलता एखादा आकडा सांगे. त्याने केप्लरकडे मंगळाचे काम दिले, कारण तो ग्रह कोणाच्याच गणितात बसत नव्हता. केप्लरने ते आठ दिवसांत सोडवण्याची पैज लावली. लागली सुमारे पाच वर्षे.

२४ ऑक्टोबर १६०१ रोजी टायको वारला आणि केप्लर सम्राटाचा गणितज्ञ झाला. पद मोठे होते, पगार मात्र क्वचितच वेळेवर मिळे. टायकोच्या वारसांना त्या टिपणांचे पैसे हवे होते. त्यांचे लक्ष नसताना केप्लरने ती आपल्या ताब्यात घेतली, आणि तसे त्याने पुढे एका पत्रात मान्यही केले. चरित्रनायकाच्या वागण्यातील हा भाग चरित्रकाराने गाळू नये. त्या वह्या त्याच्या हाती पडल्या नसत्या तर ग्रहगतीचा इतिहास निराळा झाला असता, हेही तितकेच खरे.

आता आपण या घटकाच्या गाभ्याशी आलो आहोत. येथे सावकाश वाचा.

सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांचे एका गोष्टीवर एकमत होते. आकाशातील गती वर्तुळाकार असते, कारण वर्तुळ हा परिपूर्ण आकार आहे. ॲरिस्टॉटल, टॉलेमी, कोपर्निकस, टायको, कोणीही याला अपवाद नव्हता. प्रत्यक्षात ग्रह कधी जलद, कधी मंद जाताना दिसत, म्हणून वर्तुळावर वर्तुळे चढवून किंवा मध्यबिंदू सरकवून हिशेब जुळवला जाई. केप्लरनेही वर्तुळापासूनच सुरुवात केली. सूर्य मध्यापासून थोडा बाजूला ठेवून, मंगळाच्या चार वेधांतून जाणारी कक्षा त्याने शोधायला घेतली. सरळ मार्ग नसल्याने अंदाज करायचा, हिशेब करायचा, चुकला की पुन्हा करायचा. असे सत्तर वेळा. हे लिहिताना तो वाचकाला सांगतो की, वाचून कंटाळा आला असेल, तर हे सारे सत्तर वेळा करणाऱ्याची दया करावी. गणिताच्या ग्रंथात वाचकाशी इतक्या मोकळेपणाने बोलणारा लेखक विरळा, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यानेही त्याची दखल घ्यावी.

अखेर मंगळाची दिशा दोन कलांच्या आत सांगणारे गणित त्याला मिळाले. दुसरा कोणी असता तर येथे थांबला असता. केप्लरने आणखी एक परीक्षा घेतली. मंगळाचे अंतर त्या गणिताप्रमाणे खरे येते का? येत नव्हते. अंतर दुरुस्त केले की दिशा चुके, आणि ती चूक होती आठ कलांची.

आठ कला म्हणजे किती? पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची रुंदी सुमारे तीस कला असते. तिच्या चौथ्या भागाएवढे अंतर. टॉलेमीच्या वेधांतच दहा कलांपर्यंत चूक गृहीत धरलेली होती, त्यामुळे जुन्या वेधांवर काम करणाऱ्याला आठ कला सहज सोडून देता आल्या असत्या. परंतु टायकोचे वेध तेवढे चुकणे शक्य नाही, हे केप्लरला ठाऊक होते. मृत माणसाच्या हातावर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या कित्येक वर्षांच्या कष्टावर? त्याने टायकोवर विश्वास ठेवला आणि आपले गणित मोडीत काढले. माझ्या मते त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कृती हीच. पुढचे शोध तिच्यातून निघाले.

मग त्याने मोजणीची दिशाच उलटवली. आपण मंगळाकडे पाहतो ते फिरत्या पृथ्वीवरून; तेव्हा पृथ्वीची चाल आधी नीट कळली पाहिजे. मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या कक्षेतील त्याच जागी परत येतो. पृथ्वी मात्र त्या वेळी दुसरीकडे असते. ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेले वेध निवडले की मंगळ हा जमीन मोजणाऱ्याच्या रोवलेल्या खांबासारखा स्थिर होतो आणि त्याच्या आधारे पृथ्वीच्या जागा मोजता येतात. यातून दिसले की पृथ्वीही सूर्याजवळ असताना जलद आणि दूर असताना मंद चालते. या गतीचा नियमही त्याला सापडला. सूर्यापासून ग्रहापर्यंत एक दोरी बांधली आहे अशी कल्पना करा. ग्रह फिरताना ही दोरी समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिते. आज आपण याला केप्लरचा दुसरा नियम म्हणतो, पण सापडला तो आधी.

या नियमाची खूण तुमच्या घरच्या पंचांगातही आहे. हिवाळ्यात पृथ्वी जलद चालत असल्याने सूर्य धनू राशी लवकर ओलांडतो. तो सौर महिना चांद्र महिन्याहूनही लहान पडतो, आणि म्हणून अधिकमास पौषात सहसा येत नाही. सूर्याची ही कमीजास्त चाल भारतीय ज्योतिर्विदांनाही माहीत होती आणि ती मोजण्याच्या त्यांच्या स्वतःच्या रीती होत्या. केप्लरने वेगळे केले ते असे की, या चालीचे कारण सूर्यात शोधले. सूर्यातून निघणारी काही शक्ती ग्रहांना ढकलते, असे त्याने मानले. शक्तीचे स्वरूप त्याला नीट उमगले नाही, पण प्रश्न योग्य जागी पोहोचला.

कक्षेचा आकार अजून उरला होता. मोजमापावरून मंगळाची वाट दोन्ही बाजूंनी वर्तुळाच्या किंचित आत येत होती. केप्लरला आधी वाटले की ती अंड्याच्या आकाराची, एका टोकाला जाड व दुसऱ्या टोकाला निमुळती असावी. या आकाराने त्याला वर्षभर तरी रखडवले. आणि गंमत पाहा : अंडाकृतीचे हिशेब फार अवघड म्हणून तो सोयीसाठी तिच्या जागी लंबवर्तुळ वापरीत होता! उत्तर हातात होते, ते तो केवळ अवजार म्हणून वापरत होता. शेवटी एका आकड्याने डोळे उघडले. वर्तुळ आणि खरी वाट यांत सर्वांत जास्त अंतर त्रिज्येच्या हजारात सुमारे ४.३ भाग येत होते, आणि तोच आकडा त्याला एका कोनाच्या गणितात अनपेक्षितपणे भेटला. तेथूनही तो एकदा वाट चुकला, हिशेबात घोटाळा केला आणि फेकून दिलेल्या लंबवर्तुळाकडे १६०५ मध्ये परत आला. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ आहे आणि सूर्य त्याच्या एका नाभीवर आहे.

हे तुम्ही स्वतः करून पाहावे. एका पुठ्ठ्यावर दोन टाचण्या १.९ सेंटिमीटर अंतरावर रोवा. एका दोऱ्याची दोन टोके त्यांना अशी बांधा की मधला मोकळा दोरा २० सेंटिमीटर राहील. पेन्सिलीच्या टोकाने तो ताणून धरा आणि टाचण्यांभोवती फिरवा. उमटेल ती मंगळाच्या कक्षेची आकृती, आणि दोन टाचण्यांपैकी एक म्हणजे सूर्य. आता पट्टीने मोजा. आकृतीची लांबी २० सेंटिमीटर, तर रुंदी सुमारे १९.९ सेंटिमीटर, फरक एका मिलिमीटरहूनही कमी. पेन्सिलीची रेघ थोडी जाड असेल तर तो रेघेतच बुडून जाईल. सूर्य मध्यापासून जवळजवळ एक सेंटिमीटर बाजूला आहे, हे मात्र लगेच दिसते. म्हणूनच सूर्य मध्यावर नाही हे पूर्वीच कळले होते, आणि वाट वर्तुळ नाही हे कळायला दोन हजार वर्षे लागली. पृथ्वीची कक्षा तर याहूनही वाटोळी आहे. केप्लरच्या वाट्याला मंगळाऐवजी तिचा आकार ठरवण्याचे काम आले असते, तर टायकोच्या वेधांतूनही तो हाती लागला नसता.

टायकोच्या वारसांशी चाललेल्या वादामुळे हा ग्रंथ छापून निघायला १६०९ साल उजाडले. त्याचे नाव त्याने 'नवे खगोलशास्त्र' असे ठेवले. आकार जाड, मजकूर किचकट, वाचणारे थोडे. दुर्बिणीतून नवे आकाश दाखवणारा गॅलिलिओही वर्तुळांनाच धरून राहिला.

प्रागनंतर

१६११ हे वर्ष केप्लरला फार कठीण गेले. सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिख देवीने गेला. सम्राटाला बोहेमियाची गादी सोडावी लागली, शहरात सैन्य शिरले, रोगराई पसरली आणि त्याच वर्षी बार्बाराही वारली. पुढच्या वर्षी तो लिंझला गेला. तेथे त्याच्याच पंथाच्या उपदेशकाने त्याला प्रार्थनामंदिरातील प्रसादविधीतून वगळले, कारण पंथाच्या एका मसुद्यावर तो बिनशर्त सही करायला तयार नव्हता. कॅथलिकांनी प्रॉटेस्टंट म्हणून हाकलले आणि प्रॉटेस्टंटांनी पुरेसा प्रॉटेस्टंट नाही म्हणून दूर ठेवले. १६१३ मध्ये त्याने सुझाना हिच्याशी दुसरे लग्न केले. तत्पूर्वी अकरा स्थळांचा त्याने ग्रहगणिताच्याच पद्धतीने तौलनिक विचार केला होता. सुदैवाने या वेळी उत्तर चुकले नाही. घरासाठी द्राक्षारसाची पिंपे आणली, तेव्हा विक्रेत्याची मोजण्याची रीत पाहून त्याने पिंपांच्या घनफळावरही पुस्तक लिहिले.

आता आईची हकीकत. लेऑनबर्ग गावी राहणाऱ्या काथारिनावर १६१५ मध्ये एका शेजारणीने आरोप केला की तिने दिलेल्या पेयामुळे आपल्याला आजार जडला; ती चेटकीण आहे. त्या काळात त्या भागात अशा आरोपांवरून अनेक बायकांना जिवे मारले जात होते. एकदा कुजबुज सुरू झाली की गावातील प्रत्येकाला काही ना काही आठवू लागते. कोणाचे जनावर मेले, कोणाचा पाय दुखला. १६२० च्या ऑगस्टमध्ये सत्तरी ओलांडलेल्या त्या वृद्धेला अटक करून साखळदंडात ठेवण्यात आले. ती चौदा महिने कैदेत होती.

सम्राटाचा गणितज्ञ आपले काम बाजूला ठेवून वुर्टेम्बर्गला आला आणि त्याने आईचा बचाव हाती घेतला. प्रत्येक साक्ष त्याने वेधासारखी तपासली. या बाईला दुखणे केव्हा सुरू झाले, पेय केव्हा घेतले, दोन्ही तारखा जुळतात का, त्या आजाराला दुसरे साधे कारण नाही का? मंगळाच्या आठ कलांवरून जुना सिद्धान्त मोडणारी हीच ती बुद्धी. फरक इतकाच की, येथे हिशेब चुकला असता तर आईला जाळले गेले असते. १६२१ च्या सप्टेंबरात तिला छळाची हत्यारे दाखवण्यात आली. प्रत्यक्ष छळ करायचा नाही, पण भीतीने कबुली मिळते का पाहायचे, असा तो प्रकार होता. ती म्हातारी बधली नाही. काही दिवसांनी तिची सुटका झाली, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती वारली.

केप्लरला एक रुखरुख लागून राहिली. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याने चंद्रावरील प्रवासाची एक कल्पित कथा लिहिली होती. तिच्यातील निवेदकाची आई झाडपाला विकणारी आणि भुताखेतांशी बोलणारी दाखवली होती. त्या कथेचे हस्तलिखित हातोहात फिरले आणि त्याने आईविषयीच्या संशयाला खतपाणी घातले, असे त्याला वाटे. पुढे त्याने त्या लहानशा कथेला दोनशेहून अधिक टिपा जोडल्या. कथा आणि चरित्र यांतील सीमारेषा वाचकांनी पुसली म्हणजे लेखकाला काय किंमत द्यावी लागते, हा विचार साहित्याच्या विद्यार्थ्याला नवा नसावा.

हे सारे चालू असतानाच त्याचा तिसरा नियम आकाराला आला. १६१८ च्या फेब्रुवारीत त्याची काथारिना नावाची छोटी मुलगी वारली. ८ मार्चला ती कल्पना प्रथम सुचली, हिशेब चुकल्याने त्याने ती टाकून दिली, आणि १५ मे रोजी पुन्हा पडताळली तेव्हा ती बरोबर निघाली. ग्रहाच्या प्रदक्षिणाकालाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. गुरूचे उदाहरण घ्या : पृथ्वीच्या ५.२ पट अंतर, प्रदक्षिणेला ११.८६ वर्षे. पहिल्या संख्येचा घन आणि दुसऱ्या संख्येचा वर्ग, दोन्ही १४०.६ च्या आसपास येतात. यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकण्यात आले आणि तीस वर्षांचे युद्ध पेटले.

शेवटची कोष्टके

टायकोच्या वेधांवरून ग्रहांची कोष्टके तयार करणे, हे सम्राटाने सोपवलेले काम केप्लरने सव्वीस वर्षे चालवले. मध्येच नेपियरच्या लॉगॅरिदमचा शोध प्रसिद्ध झाल्याने हिशेब सोपे झाले, पण सगळी मांडणी नव्याने करावी लागली. १६२६ मध्ये लिंझला शेतकऱ्यांच्या बंडाचा वेढा पडला आणि छापखाना जळाला, हस्तलिखित वाचले. ते घेऊन तो उल्मला गेला आणि १६२७ मध्ये कोष्टके छापून निघाली. त्यांना त्याने रुडॉल्फ सम्राटाचे नाव दिले. पगार थकवणाऱ्या धन्याची आठवण त्याने अशी ठेवली.

नंतर तो वालेनश्टाइन या सेनापतीच्या आश्रयाने सागानला राहिला. थकबाकी एव्हाना बारा हजार गुल्डनच्या घरात गेली होती. ती मागण्यासाठी १६३० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी तो घोड्यावरून रेगेन्सबुर्गला निघाला. तेथे पोहोचल्यावर ताप आला आणि १५ नोव्हेंबरला त्याचा अंत झाला. प्रॉटेस्टंट असल्याने त्याला गावाबाहेरच्या दफनभूमीत पुरले. स्वतःच्या थडग्यासाठी त्याने दोन ओळी रचून ठेवल्या होत्या. त्या कोरल्याही गेल्या. परंतु दोन-तीन वर्षांतच युद्धात ती दफनभूमी उद्ध्वस्त झाली आणि थडग्याची जागा आज कोणाला दाखवता येत नाही.

मृत्यूच्या आदल्या वर्षी त्याने एक छोटी पत्रिका छापली होती. आपल्या कोष्टकांच्या आधारे त्याने तीत कळवले होते की, ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्यबिंबावरून जाताना दिसेल. असे अधिक्रमण तोपर्यंत कोणीही भाकीत करून पाहिलेले नव्हते. पॅरिसमध्ये पिएर गासेंदी याने खोलीत अंधार केला, दुर्बिणीतून येणारे सूर्याचे बिंब पांढऱ्या कागदावर घेतले आणि दोन दिवस आधीपासून तो वाट पाहत बसला. आकाश ढगाळ होते. सातव्या तारखेला सकाळी ढग विरळ झाले आणि बिंबावर एक काळा ठिपका दिसला. तो अपेक्षेपेक्षा इतका लहान होता की गासेंदीला आधी तो सौरडागच वाटला. त्याने त्याची जागा टिपून ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा पाहिले, तर ठिपका सरकला होता. आणखी थोड्या वेळाने आणखी सरकला. कोणताही सौरडाग इतक्या वेगाने चालत नाही. केप्लरला जाऊन तेव्हा आठ दिवस कमी एक वर्ष झाले होते.